कूलरच्या मोटरचा रोध ४२ ओहम, मग ती साडेपाच अँपिअर काऊन ओढत नाही?

मानेवाडा_रिटर्न्स
मंडळी, होळी झाली, नागपुरात कूलर काढायचा मुहूर्त आला. रविवारी माळ्यावरून उतरवला, जुन्या ताट्या फेकल्या, टाकीत मागच्या वर्षीचा गाळ आणि एक मेलेली पाल निघाली, ते जाऊ द्या. पोरगं दहावीत आहे, विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतधारेचे परिणाम हा धडा चालू आहे, म्हणून म्हटलं याला जरा प्रॅक्टिकल दाखवू. नवीन मल्टीमीटर आणलाच होता. मोटरच्या दोन वायरींना लावला तर ४२ ओहम. पोराने लगेच पाटीवर मांडलं, २३० भागिले ४२ म्हणजे साधारण साडेपाच अँपिअर, गुणिले २३०, झाले साडेबाराशे वॅट. आणि मोटरच्या पट्टीवर लिहिलंय १८० वॅट. पोरगं म्हणते बाबा ओहमचा नियम चुकला का पट्टी खोटी? मी म्हटलं उद्या सांगतो. दोन दिवस झाले, तो रोज विचारून राहिला. मी बी.कॉम. आहे, वाचवा.

तर्रीपोहे
साडेबाराशे वॅट म्हणजे कूलर नाही भाऊ, गिझर आहे तो. उलटा लावून पाहा, थंडीत कामी येईल.

फ्यूज_उडाला
सोपं आहे. वस्तू तापली की रोध वाढतो. बल्बचंच बघा, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब थंड असताना मोजला तर ३५-४० ओहम दाखवतो, चालू असताना मात्र ५२९ असायला पाहिजे (२३० चा वर्ग भागिले १००). म्हणजे तेरा-चौदापट वाढला. मोटरचंही तेच. तुम्ही थंड मोटर मोजली. विषय संपला.

वायरमन_भाऊ
विषय नाही संपला फ्यूजभाऊ. बल्बातली तार पांढरी होईस्तोवर तापते, अडीच हजार डिग्रीच्या आसपास. मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तेवढी तापली तर मोटर राहीन का? तांब्याचा रोध एका डिग्रीला ०.४ टक्के वाढते. मोटर ५० डिग्रीनं गरम झाली असं धरा, म्हणजे २० टक्के. ४२ चे ५० झाले. बाकीचं कुठून आणता?

खरी गोष्ट अशी का मल्टीमीटरच्या पोटात सेल असते, ते डीसी, म्हणजे एकाच दिशेनं जाणारा करंट सोडते अन् तारेचा नुसता रोध मोजते. घरात येते एसी. सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा मारते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. गुंडाळीतून करंट वाढाले लागला का तिचं चुंबकत्व वाढते, अन् ते बदलतं चुंबकत्व त्याच गुंडाळीत उलटं व्होल्टेज तयार करते, करंटले म्हणते थांब रे बाप्पा. करंट उतराले लागला तर म्हणते आता जाऊ नको. हा अडथळा तारेचा नाही, बदलाचा आहे. डीसीत बदलच नाही म्हणून मीटरले तो दिसत नाही.

मोटरले चुकून २३० डीसी दिलं तर तुमच्या पोराचा हिशोब बराबर निघन. साडेपाच अँपिअर जाईन, पाते हलणार नाही, अन् थोड्या वेळात वाइंडिंगचा वास येईन. नुसता हिशोब करा, करून पाहू नका.

मानेवाडा_रिटर्न्स
वायरमनभाऊ, पोराला वाचून दाखवलं, त्याला पटलं. मग म्हणते चालू कूलरचा खरा करंट किती ते दाखवा. शेजारच्या काकांकडून तो चिमट्यासारखा मीटर आणला, कूलरच्या वायरभोवती अडकवला, कूलर भन्नाट चालू, वारा येऊन राहिला आणि मीटर दाखवते शून्य. तीनदा पाहिलं. शून्य. आता पोरगं म्हणते फुकटात चालते का?

तर्रीपोहे
पत्ता द्या, आमचाही कूलर तुमच्याकडे आणून ठेवतो.

रेवती_धरमपेठ
😄 दादा, तुम्ही अख्ख्या वायरीला चिमटा लावला. आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेत. फेजमधून ०.९ जातोय तर त्याच क्षणी न्यूट्रलमधून ०.९ परत येतोय, उलट्या दिशेने. दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात, मीटरला काहीच दिसत नाही. एक वेगळी केलेली वायर मोजावी लागते. एक्स्टेंशन बोर्डच्या वायरीचं वरचं कव्हर काढून नुसती फेजची वायर बाहेर घ्या (आतलं इन्सुलेशन अजिबात कापायचं नाही, आणि आधी प्लग काढून!!), मग चिमटा लावा.

आणि याच शून्यावर तुमचा जीव वाचतो बरं का. मीटरशेजारी आरसीसीबी असेल तर तो दिवसभर हेच करतो, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की पाडतो, कारण तो फरक कुठूनतरी जमिनीत चाललाय, कदाचित माणसातून. तुमच्याकडे आहे का? कूलर लावायच्या आधी बघा.

मानेवाडा_रिटर्न्स
मोजला ताई. पंप बंद ठेवून नुसत्या मोटरचा ०.९ अँपिअर. म्हणजे २३० भागिले ०.९, आलं साधारण २५५ ओहम. मीटर म्हणते ४२, कूलर म्हणते २५५. पोराने हट्ट केला म्हणून इस्त्रीपण मोजली, १००० वॅटची, थंड असताना ५३ ओहम. २३० चा वर्ग भागिले १००० केला तर ५२.९! तिथे ओहम साहेब एकदम खरे निघाले. आता पोरगं घरभर मीटर घेऊन फिरून राहिलं, मिक्सर झाला, हेअर ड्रायर झाला, आईने स्वयंपाकघरातून हाकललं. आरसीसीबीचं बघून सांगतो.

खामल्याची_माई
कूलरचं निघालं म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या कामवाल्या मावशींना कूलरचा शॉक बसला. वाचल्या, पण हात आठवडाभर दुखत होता. कूलर बटण दाबून बंद केला होता, मीच केला होता, आणि मावशी अनवाणी, खाली ओली फरशी, लोखंडी टाकीत पाइप सोडायला गेल्या. पेटीला हात लागला आणि ओरडल्याच. मला आजवर कळलं नाही, बटण बंद असताना करंट आला कुठून? इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावून म्हणाला काही नाही आता, आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

वायरमन_भाऊ
माई, हे मी दर उन्हाळ्यात पाहतो. बटण फेजवर असाले पाहिजे. कोणीतरी बोर्डात वायरी उलट्या जोडल्या का बटण न्यूट्रल तोडते, फेज तशीच कूलरच्या आत उभी राहते. पंखा बंद होते, कारण सर्किट तुटलं, करंटले परतीचा रस्ता नाही. आपल्याले वाटते बंद. पण पंपाची वायर सोललेली असन, पेटीले टेकली असन, तर पेटीवर २३० व्होल्ट बसलेले असते, वाट पाहत. मावशीनं हात लावला, पाय ओले, झाला परतीचा रस्ता तयार.

दोन पिनचा प्लग असन तर आणखीनच मजा, तो उलटा घातला तरी फेज-न्यूट्रल अदलाबदल होते. म्हणून तीन पिन, अन् तिसऱ्या पिनले खरंच अर्थिंग. बऱ्याच घरी ते भोक नुसतं शोभेले असते. अन् पाणी भरताना प्लगच काढाचा, बटणावर भरोसा नाही ठेवाचा.

सक्करदरा_सम्या
पण एमसीबी, तो जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, का पडला नाही?

वायरमन_भाऊ
सोळा अँपिअरचा एमसीबी, त्याले सोळाच्या वर गेल्याशिवाय जाग येत नाही. माणसाले पन्नास-शंभर मिलीअँपिअरमधी धोका, म्हणजे ०.०५ ते ०.१. एमसीबी वायर वाचवाले असते, माणूस वाचवाले नाही. अर्थिंग चांगलं असतं तर पेटीवर फेज आल्याबरोबर तिकडूनच दणकून करंट गेला असता अन् एमसीबी पडला असता, मावशी पोचायच्या आधी.

खामल्याची_माई
दोनशे रुपये वाया गेले म्हणायचे. उद्याच बोर्ड उघडून घेते कोणाकडून तरी.

पुणेकर_पाहुणा
एवढी सगळी भानगड एसीमुळेच आहे तर घरात सरळ डीसी का देत नाहीत? आता मोबाईल डीसी, लॅपटॉप डीसी, एलईडी आत डीसी, नवीन कमी वॅटचे पंखेसुद्धा आत डीसी करूनच चालतात. छपरावर सोलार, तेही डीसी. एसी कशाला पाहिजे?

तर्रीपोहे
पुण्यात एक ते चार लाइनीलाही सुट्टी असते म्हणून यांना वाटते एसीची गरज नाही.

रेवती_धरमपेठ
प्रश्न चांगला आहे खरंतर, टोमणे बाजूला ठेवा. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला डीसीच दिली होती, पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून, ११० व्होल्टच्या आसपास. अडचण अंतराची. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते. तेवढीच पॉवर दहापट व्होल्टेजवर पाठवली तर करंट दहावा हिस्सा आणि तोटा शंभरावा हिस्सा. म्हणून व्होल्टेज वाढवायचं, गावाजवळ आणून उतरवायचं. हे काम ट्रान्सफॉर्मर करतो, आणि ट्रान्सफॉर्मर चालतो फक्त बदलत्या करंटवर, वायरमनभाऊंनी वर सांगितलं त्याच कारणाने. एडिसनकडे डीसी चढवायचं-उतरवायचं सोपं साधनच नव्हतं. १८९६ ला नायगाऱ्याची एसी वीज बफेलोपर्यंत गेली तेव्हा वाद जवळजवळ मिटला.

कमी व्होल्टेजचा त्रास तुमच्या घरच्या इन्व्हर्टरवरच बघा. ४०० वॅटचा लोड २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअर, तोच १२ व्होल्टच्या बॅटरीकडे ३३, आतला तोटा धरून चाळीसच्या घरात. म्हणून बॅटरीच्या वायरी अंगठ्याएवढ्या जाड. आमच्या बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड जमली होती, लोड आला की तो नट हात लावू देत नव्हता. मीटर लावला तर बॅटरीवर १२.४ आणि वायरीच्या टोकाला ११.६. त्या पुडीतच ०.८ व्होल्ट खलास, गुणिले ४० करंट, ३२ वॅट. सोल्डरिंगची इस्त्री झाली होती नुसती. गरम पाणी ओतून, घासून, व्हॅसलीन लावलं.

सोलारवाला_हिंगणा
डीसीचं अजून एक आहे. तुटताना ती ऐकत नाही. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, बटण बंद केलं की ठिणगी पुढच्या शून्यावर विझते. डीसीला शून्यच नाही, ठिणगी लांबत जाते, जळतच राहते. आमच्या ओळखीच्यांकडे सोलार बसवणाऱ्याने पॅनलच्या लाइनवर घरातला साधा एसीचा एमसीबी लावून दिला, स्वस्तात. पॅनलच्या माळेचं व्होल्टेज साडेतीनशेच्या वर. चालू उन्हात दुरुस्तीसाठी पाडला, तो आतल्या आत पेटला, डबा वितळून खाली टपकला. डीसीचे एमसीबी वेगळे असतात, काहींवर अधिक-उणे खुणा असतात, त्या उलट्या जोडल्या तरी घात. पुणेकर, घरातलं प्रत्येक बटण असं करावं लागेल, परवडते का पाहा.

चंद्रपूरकर
रेवतीताई, वाद मिटला म्हणता पण डीसी आमच्या दारातून जाते. चंद्रपूर ते पडघा, ७५२ किलोमीटर, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट डीसी, १५०० मेगावॅट, १९९९ पासून. विदर्भाच्या कोळशाची वीज मुंबईकडे. एवढं लांब न्यायचं असलं की डीसी परत स्वस्त पडते, तारा कमी लागतात, आणि एसीला लांब लाइनमध्ये जो उगाच भरणं-रिकामं होणारा करंट लागतो तो डीसीत नाही. फक्त दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करायचे अवाढव्य कारखाने लागतात, म्हणून जवळच्या कामाला परवडत नाही.

चंद्रपूरजवळच्या भद्रावतीच्या केंद्राचं तर त्याहून भारी. तिथे एसीची डीसी करून त्याच आवारात परत एसी करतात. वेडेपणा वाटते ना? तेव्हा पश्चिमेचं ग्रिड (विजेच्या लाइनींचं जाळं) ५० हर्ट्झ आणि दक्षिणेचंही ५०, पण दोघांची पावलं जुळलेली नव्हती. सरळ जोडलं असतं तर धडाका. मध्ये डीसी घातली की पावलं जुळायची गरजच नाही. पुढे २०१३ च्या ३१ डिसेंबरला सोलापूर-रायचूर लाइनने दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एसीने जोडलं गेलं.

सक्करदरा_सम्या
लहानपणी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचो, इगतपुरीला गाडी थांबली की बाबा खाली उतरून वडापाव आणायचे. ते थांबणं याच्यामुळेच होतं का?

चंद्रपूरकर
हौ. नागपूरकडून इगतपुरीपर्यंत २५ किलोव्होल्ट एसी आणि पुढे मुंबई १५०० व्होल्ट डीसी. मुंबईची पहिली विजेची गाडी १९२५ ची, तेव्हाची डीसी तशीच राहिलेली. इगतपुरीला एसीचं इंजिन काढायचे, डीसीचं लावायचे. नंतर दोन्हीवर चालणारी इंजिनं आली, आणि २०१५ पर्यंत मध्य रेल्वेने मुंबईची बाजूही एसी करून टाकली. (घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं लागतात ते वेगळं.) आपली नागपूर मेट्रोपण २५ किलोव्होल्ट एसीच.

तर्रीपोहे
म्हणजे डीसी गेली आणि वडापावही गेला.

मानेवाडा_रिटर्न्स
मंडळी, वडापाववरून परत कूलरवर या ना. पोराचा नवा प्रश्न. २३० व्होल्ट म्हणजे नेमके कधीचे? सतत बदलत असेल तर मीटर २३० वर स्थिर कसा?

रेवती_धरमपेठ
शाब्बास, हुशार आहे. व्होल्टेज शून्यापासून ३२५ पर्यंत जातं, परत शून्य, मग उणे ३२५. नुसती सरासरी काढली तर शून्य येईल. म्हणून असं ठरवलं, की जी एसी इस्त्री तेवढीच गरम करेल जेवढी २३० व्होल्टची डीसी करेल, तिला २३० म्हणायचं. ३२५ भागिले १.४१४. मीटरला डीसीवर ठेवून प्लगात घातला तर शून्याच्या आसपास दाखवेल आणि माणूस समजेल लाइट गेली, हे लक्षात ठेवा.

कोराडीचे_आजोबा
हा धागा नातवाने दाखवला. आयुष्य वीज केंद्रात गेले, त्यामुळे राहवत नाही. वायरमन यांचे उत्तर बरोबर, पण अर्धे. सगळे श्रेय गुंडाळीच्या अडथळ्याला देऊन टाकले.

मोटर १८० वॅट घेते आणि करंट ०.९ आहे. १८० भागिले ०.९ चा वर्ग म्हणजे ०.८१. उत्तर २२२. लाइनच्या दृष्टीने त्या मोटरमध्ये २२२ ओहमचा खराखुरा, वीज खाणारा रोध आहे. गुंडाळीचा तो बदलाला होणारा अडथळा, ज्यात वीज खाल्ली जात नाही, नुसती घेतली आणि परत दिली जाते, तो १२५ च्या आसपास. ही दोन सरळ बेरजेने मिळत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी मिळतात. २२२ चा वर्ग अधिक १२५ चा वर्ग, वर्गमूळ घ्या, २५५ येते. चिरंजीवांना पायथागोरस येत असेलच.

आता तांबे तर ४२ च आहे. मग उरलेले १८० ओहम आले कुठून? ते म्हणजे वारा. रोटर फिरतो, पाते हवा ढकलते, त्यासाठी ऊर्जा लागते, ती लाइनकडून घेतली जाते. लाइनला हवा दिसत नाही, तिला तो रोधच वाटतो. १८० वॅटपैकी तांब्याच्या तारेत साधारण ३४ वॅट जळतात, बाकीचे पलीकडे रोटरकडे जातात. त्यातलेही थोडे रोटरमध्ये आणि लोखंडात तापतात, पण मोठा वाटा पात्यांना. (कपॅसिटर आणि दुसरी गुंडाळी मी सोयीसाठी बाजूला ठेवली आहे, ओळखणाऱ्यांनी क्षमा करावी.)

म्हणूनच मोटर जाम झाली, किंवा मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडून ती सुरूच झाली नाही, नुसती घूं घूं करत राहिली, तर करंट वाढतो. वारा नाही म्हणजे तो १८० ओहमचा मोठा भाग नाहीसा. नुसते तांबे आणि तो अडथळा उरतो. नागपुरात उन्हाळ्यात जेवढ्या मोटरी जळतात त्यातल्या बऱ्याच अशाच, उभ्या जागी.

वायरमन_भाऊ
आजोबा, पाया पडतो. वीस वर्षं मोटरी बांधून राहिलो, जळकी वाइंडिंग रोज सोडवतो, पण वारा म्हणजे रोध हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

फ्यूज_उडाला
म्हणजे मी एकटाच चुकलो नव्हतो. 😌

रेवती_धरमपेठ
नाही, तुम्ही जास्त चुकला होता.

पुणेकर_पाहुणा
आजोबा, मग जाळी धुळीने बंद झाली तर मोटरवर लोड वाढतो ना? वारा ढकलायला जास्त कष्ट.

कोराडीचे_आजोबा
सगळ्यांना तसेच वाटते. हे पात्यांवर आहे. पिंजऱ्यासारख्या ब्लोअरमध्ये वाट बंद केली की हवाच कमी जाते आणि मोटरचा लोड बहुधा उतरतो. साध्या पंख्याच्या पात्यांत उलट होऊ शकते, लोड चढतो. पण मोटरला थंड करणारी हवाही तीच, ती कमी झाली की मोटर तापते. तेव्हा जाळी धुवावी.

मानेवाडा_रिटर्न्स
आजोबा, पोराने तुमचा त्रिकोण वहीत काढला, खाली लिहिलं "वारा = १८० ओहम". शाळेत दाखवणार आहे, बाई काय म्हणतात बघू.

आणि रेवतीताई, तुमचं ऐकून आरसीसीबी बसवून घेतला. वायरमनने अर्थिंग तपासलं, चांगलं निघालं, बोर्डातल्या वायरीही सरळ होत्या. मग ऐटीत कूलर लावला. मोटर चालू, सगळं ठीक. पंपाचं बटण दाबलं, खट्, घर अंधारात. परत चढवला, परत खट्. पंप बाहेर काढला तर वायर जिथे आत शिरते तिथलं रबर तडकलेलं, आत पाणी. म्हणजे मागचा अख्खा उन्हाळा आम्ही त्याच पाण्यात हात घालून गाळ काढत होतो.

खामल्याची_माई
अगं बाई. पंप फेकला ना?

मानेवाडा_रिटर्न्स
फेकला माई, वायर कापून फेकला, नाहीतर भंगारवाला परत कोणाला विकायचा. नवीन पंप कॉटन मार्केटजवळून आणला. पोराने दुकानातच विचारलं याचा रोध किती. दुकानदार म्हणाला साडेतीनशे. पोरगं म्हणते ओहम? तो म्हणाला रुपये.

तर्रीपोहे
आणि घासाघीस करून किती टक्के उतरला?